हात तोडले, तर रबर कोण आणणार?

प्रश्न : बेल्जियमच्या राजाच्या काळात कांगोमध्ये रबर कमी भरलं की माणसांचे हात तोडत, असं वाचण्यात आलं. एक फोटोही पाहिला. तो डोळ्यांसमोरून जात नाही. पण मला एक कळत नाही. हात तोडलेला माणूस पुन्हा रबर आणणार कसा? ज्याला रबर हवं आहे तो आपल्याच मजुराला निकामी का करेल? ही माहिती तिखटमीठ लावून सांगितलेली तर नाही ना? आणि खरी असेल, तर पुढे कुणाला शिक्षा झाली का?
— एक शिक्षिका, सातारा जिल्हा

उत्तर : बाई, माहिती खरी आहे आणि तुमची शंकाही रास्त आहे. ‘रबर कमी भरलं म्हणून हात तोडला’ असं एका ओळीत सांगून लोक पुढे जातात. विचार करणाऱ्याला ते पटत नाही, कारण त्या ओळीत मधली एक कडी गळलेली असते. ती कडी म्हणजे काडतुसांचा हिशेब.

१८८५ ते १९०८ या काळात कांगो ही बेल्जियम देशाची वसाहत नव्हती. बर्लिनच्या परिषदेच्या वेळी युरोपातल्या सत्तांनी आणि अमेरिकेने मान्यता दिल्यामुळे तो लिओपोल्ड दुसरा या राजाच्या एकट्याच्या ताब्यात आला होता. बेल्जियमच्या सुमारे ७६ पट मोठा प्रदेश, आणि राजाने तिथे जन्मात कधी पाऊल ठेवलं नाही. त्याचा अंमल चालवणाऱ्या फौजेचं नाव ‘फोर्स प्यूब्लिक’. अधिकारी गोरे, शिपाई आफ्रिकी. त्या शिपायांतले कितीतरी जण स्वतःच जबरदस्तीने पकडून आणलेले.

काडतुसं युरोपातून जहाजाने यायची आणि ती महाग पडायची. शिवाय अधिकाऱ्यांना शिपायांवर भरवसा नव्हता. हे लोक आपल्या गोळ्या हरणं-माकडं मारण्यात घालवतील, किंवा लपवून ठेवून एक दिवस आपल्यावरच झाडतील, ही धास्ती. ती अगदीच निराधार नव्हती. १८९५ साली लुलुआबुर्गच्या ठाण्यातल्या शिपायांनी बंड करून आपल्या अधिकाऱ्याला ठार केलं होतं. म्हणून नियम पडला की खर्च झालेल्या प्रत्येक काडतुसामागे एक माणूस मेल्याचा पुरावा आणायचा. पुरावा म्हणजे उजवा हात. दमट, उष्ण हवेत ठाण्यावर पोहोचेपर्यंत हात कुजत, म्हणून ते धुरावर धरून वाळवले जात. १८९९ साली विल्यम शेपर्ड हा कृष्णवर्णीय अमेरिकन मिशनरी कसाई नदीच्या मुलखात अशा एका तळावर पोहोचला. राज्याच्या वतीने वसुली करणाऱ्या झाप्पो झाप टोळीचा तो तळ होता. विस्तवावर मांडलेले उजवे हात शेपर्डने मोजले. ८१ भरले.

आता तुमच्या शंकेकडे येतो. शिपायाने एक गोळी शिकारीवर घालवली, दुसरी चुकली, तर परत गेल्यावर दाखवायला हात कुठून आणायचा? मग जो हाती लागेल त्याचा. मेलेल्याचा, जिवंत माणसाचा, म्हातारीचा, पोराचा. ज्याचा हात गेला तो रबर आणणाराच असायला हवा, असं मुळीच नव्हतं. हात तुटला तरी मेल्याचं सोंग घेऊन पडून राहिले आणि म्हणून जगले, अशा माणसांच्या साक्षी नोंदलेल्या आहेत. काही गावांत पहारेकऱ्यांनी निव्वळ शिक्षा म्हणून, जरब बसावी म्हणूनही हात तोडले. पण या प्रकाराची सुरुवात झाली ती खर्चाचा मेळ घालण्यातून.

तुम्ही पाहिलेला फोटो बहुधा न्सालाचा असावा. ओट्यावर बसलेला एक माणूस, आणि त्याच्यासमोर जमिनीवर एक लहानसा हात आणि पाऊल. १४ मे १९०४ या दिवशी बारिंगा इथल्या मिशनवर अ‍ॅलिस सीली हॅरिस या इंग्रज मिशनरी बाईंनी तो काढला. न्साला हा वाला गावचा. गावाकडून ठरलेलं रबर भरलं नव्हतं. रबर गोळा करणाऱ्या आबीर कंपनीच्या पहारेकऱ्यांनी येऊन त्याच्या बायकोला आणि बोआली नावाच्या मुलीला मारलं. मुलीचं जे उरलं ते पानात गुंडाळून तो मिशनवर घेऊन आला होता. बोआली सुमारे पाच वर्षांची होती. तिने रबराच्या वेलीला कधी हात लावला असण्याची शक्यता नाही. ‘मजुराचा हात’ म्हणून आपण जे पाहतो ते पुष्कळदा असं असतं.

पण मुळात गोळ्या झाडायची वेळ का यायची? त्यासाठी रबर कसं निघायचं ते पाहायला हवं, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण सगळं त्यात आहे.

१८८८ साली डनलॉपने हवा भरलेला टायर काढला. आधी सायकली, मग मोटारी, विजेच्या तारांवरची वेष्टणं. बघता बघता जगाला रबर कमी पडू लागलं. ब्राझीलमधून १८७६ साली इंग्रजांनी नेलेल्या बियांपासून सिलोन आणि मलायात रबराचे मळे उभे राहत होते, पण झाड लावल्यापासून चीक मिळेपर्यंत वर्षं जातात. कांगोच्या जंगलात मात्र रबर आपोआप उगवलेलं होतं, लांडोल्फिया नावाच्या रानवेलीत. लावणी नाही, खत नाही, वाट पाहणं नाही. मळ्यांचं रबर बाजारात येऊन भाव पडण्याआधी जेवढं ओरबाडता येईल तेवढं ओरबाडायचं, ही राजाची घाई होती. १८९० साली कांगोतून जेमतेम शंभर-सव्वाशे टन रबर बाहेर जात होतं. १९०१ साली ते सुमारे ६,००० टनांवर गेलं.

ही वेल उंच झाडांवर चढते. माणसाने झाडावर चढायचं, वेलीला खाच द्यायची, थेंब थेंब चीक भांड्यात धरायचा. गावाजवळच्या वेली थोड्याच काळात आटल्या, की आणखी आत जायचं, दोन-तीन दिवसांच्या वाटेवर. रात्री जंगलात, बिबट्याच्या भीतीत काढायच्या. चीक घट्ट व्हावा म्हणून तो स्वतःच्या दंडांवर, छातीवर, पोटावर फासायचा आणि वाळला की सोलून काढायचा. अंगावरचे केस त्याबरोबर उपटून येत. मग टोपली डोक्यावर घेऊन ठाण्यापर्यंत चालायचं. आबीर कंपनीच्या मुलखात दर पंधरवड्याला प्रत्येक पुरुषामागे तीन ते चार किलो वाळलेलं रबर द्यावं लागे. महिन्यातले बहुतेक दिवस त्यातच जात. जंगल तोडून नवं शेत करायला, मासे धरायला, पडलेलं छप्पर शाकारायला माणूस घरी असायचाच नाही.

मोबदला काय, तर मूठभर मीठ, थोडे मणी, कापडाचा तुकडा. यासाठी कोण आपणहून जाईल? म्हणून शिपाई गावात शिरत. पुरुष जंगलात पळालेले असत, तेव्हा बायकांना धरून नेत आणि कोंडून ठेवत. रबर आलं की सोडत. ओलिसांची कोठडी हा ठाण्यातल्या गोदामासारखाच नेहमीचा भाग होता. कांगोत जाणाऱ्या गोऱ्या कर्मचाऱ्यांसाठी छापलेल्या हस्तपुस्तिकेत ओलीस कसे धरावेत याच्या सूचना होत्या. त्या कोठड्यांत बायका उपासाने मेल्या, शिपायांनी त्यांच्यावर बलात्कार केले. तोडलेल्या हातांचे फोटो निघाले म्हणून जगाने हात पाहिले. कोठडीतल्या बायकांचा असा फोटो जगभर फिरला नाही, पण माझ्या मते या साऱ्या व्यवस्थेचा खरा खांब ती कोठडी होती. हात तोडले नसते तरी रबर आलं असतं. ओलीस धरले नसते तर आलं नसतं.

पाणघोड्याच्या कातड्याचा पिळदार चाबूक, त्याला शिकॉत म्हणत, तोही रोजचा होता. जी गावं रबर द्यायला सरळ नकार देत किंवा पहारेकऱ्यांना मारून टाकत, त्यांच्यावर फौज जाई. काडतुसं तिथे संपत.

‘आपल्याच मजुराला निकामी का करेल’ असं तुम्ही विचारलंत. त्यात ‘आपल्याच’ हा जो भाव आहे तो तिथे नव्हता. शेतकऱ्याने पैसे मोजून आणलेला बैल लंगडू लागला तर तो रात्रभर त्याच्यापाशी बसतो. वेठीला धरून आणलेल्या बैलासाठी कोण जागेल? अमेरिकेतला गुलामांचा मालक क्रूर होता, पण गुलाम मेला की त्याचं भांडवल बुडत असे. कांगोतला माणूस कुणी विकत घेतला नव्हता, पगारावर ठेवला नव्हता. तो मेला तर कुणाच्याही वहीत तोटा लिहिला जात नव्हता. वहीत काडतूस होतं, कारण त्याचे पैसे पडले होते. काडतुसाचा हिशेब द्यावा लागे, माणसाचा नाही. एवढ्या एका गोष्टीत तुमच्या प्रश्नाचं उत्तर आहे.

याला कायद्याचं पाठबळ होतं हेही सांगायला हवं. १८८५ च्या हुकमाने ‘रिकामी’ जमीन राज्याची ठरली. राहत्या झोपड्या आणि प्रत्यक्ष पिकाखालचं शेत सोडून जवळजवळ सगळं जंगल त्यात आलं. पुढे १८९१-९२ मध्ये त्या जमिनीवरचं रबर आणि हस्तिदंतही राज्याचंच ठरलं. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या ज्या जंगलावर गाव जगलं, तिथला चीक गावकऱ्याने दुसऱ्या व्यापाऱ्याला विकला तर तो चोर. मोठमोठे तुकडे कंपन्यांना तोडून दिले. आबीर त्यातलीच, १८९२ साली निघालेली. पुढे तिचे निम्मे शेअर राज्याकडेच होते. (तिच्या पूर्ण नावात ‘इंडिया रबर’ असे शब्द आहेत, पण हिंदुस्थानशी तिचा संबंध नाही.) १८९७ साली या कंपनीला एक किलो रबर जंगलातून काढून अँटवर्पला पोहोचवायला १.३५ फ्रँक खर्च येत होता आणि विक्रीचा भाव कधी कधी १० फ्रँकपर्यंत जात होता. एजंटांचा बोनस त्यांनी पाठवलेल्या मालावर ठरत असे.

तिखटमीठ लावलं आहे का, ही तुमची तिसरी शंका. त्या काळी राजाचे वकील हेच म्हणत होते. पण पुरावे वेगवेगळ्या बाजूंनी, एकमेकांना न ओळखणाऱ्या माणसांकडून आले. पहिला मोठा आवाज उठवला जॉर्ज वॉशिंग्टन विल्यम्स या कृष्णवर्णीय अमेरिकन इतिहासकाराने. १८९० साली कांगो पाहून त्याने राजाला उघड पत्र लिहिलं. पुढच्याच वर्षी तो इंग्लंडमध्ये वारला, वय अवघं ४१, आणि ते पत्र विस्मरणात ढकललं गेलं. त्याचं तेव्हाच ऐकलं गेलं असतं तर रबराचा सगळा काळ टळला असता, हा विचार मला फार छळतो.

दुसरा पुरावा एका कारकुनाने शोधला. लिव्हरपूलच्या एल्डर डेम्पस्टर या जहाज कंपनीकडे कांगोच्या मालवाहतुकीचं काम होतं. एडमंड मोरेल हा तिथे नोकरीला. फ्रेंच येत असल्यामुळे त्याला अँटवर्पच्या गोदीत पाठवत. कागद तपासताना त्याच्या लक्षात आलं की येणारी जहाजं रबर आणि हस्तिदंताने भरलेली असतात, आणि जाणाऱ्या जहाजांत असतात अधिकारी, बंदुका आणि काडतुसं. रबराच्या बदल्यात देण्याजोगा माल जवळपास नाहीच. विकत घेत नाहीत, तरी एवढं रबर येतं, याचा अर्थ एकच होऊ शकत होता. तोवर त्याने कांगो पाहिलाही नव्हता. १९०१ साली त्याने नोकरी सोडली आणि पुढची वर्षं याच एका कामात घातली.

१९०३ साली ब्रिटिश कॉन्सल रॉजर केसमेंट नदीने आत गेला, तोही मिशनऱ्यांची बोट भाड्याने घेऊन, म्हणजे राज्याच्या बोटीवर अवलंबून राहायला नको. गावागावांत थांबून त्याने साक्षी घेतल्या. १९०४ च्या फेब्रुवारीत त्याचा अहवाल छापला गेला, पण इंग्लंडच्या परराष्ट्र खात्याने त्यातली नावं काढून केवळ अक्षरं ठेवली. केसमेंट त्यावर संतापला होता. त्याच वर्षी मोरेल आणि त्याने मिळून चळवळ उभी केली, आणि हॅरिस बाईंचे फोटो मॅजिक लँटर्नच्या पडद्यावर इंग्लंड-अमेरिकेतल्या सभांमधून दाखवले गेले.

शेवटी राजाला स्वतःच चौकशी समिती नेमावी लागली. तीन न्यायाधीश, तिन्ही त्याच्याच पसंतीचे. १९०४-०५ मध्ये ते कांगोत फिरले. त्यांच्यासमोर बोलिमा गावचा मुखिया लोंतुलू आला. त्याला चाबकाने फोडलेलं होतं, ओलीस ठेवलेलं होतं, साखळीत जुंपलेलं होतं. त्याने समितीच्या टेबलावर ११० काटक्या मांडल्या. गावातल्या मारल्या गेलेल्या प्रत्येक माणसाची एक. मानकरी, पुरुष, बायका आणि मुलं अशा चार ढिगांत त्या लावल्या आणि एकेक काटकी उचलून तो नाव सांगत गेला. तिकडे ठाण्यांवर काडतुसांच्या नोंदी होत्या. मेलेल्यांची नोंद कुणी ठेवली असेल तर ती अशी.

राजाच्याच समितीने अत्याचार खरे असल्याचं मान्य केलं. अहवाल छापला, मूळ साक्षी मात्र ब्रुसेल्सच्या दप्तरात बंद करून टाकल्या, आणि पुढे कित्येक दशकं त्या अभ्यासकांना पाहायला मिळाल्या नाहीत.

किती माणसं गेली, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण वर्गात मुलं नक्की विचारतील. त्या काळात शिरगणती नव्हती. सबंध देशाची पहिली गणती १९२४ सालची, त्यात सुमारे एक कोटी लोक भरले. त्यावरून आणि गावोगावच्या नोंदींवरून अनेक इतिहासकार मानतात की लोकसंख्या जवळपास निम्म्याने घटली असावी. काहींना हा अंदाज फार वाटतो. यातले सगळे गोळीने मेले नाहीत. उपासमार, निद्रारोग, देवी, जंगलात पळून जाऊन काढलेली वर्षं, आणि जन्मच कमी होणं, हे सगळं त्यात आहे. पण शेतं ओसाड का पडली आणि गावं जंगलात का पळाली, याचं कारण रबर हेच होतं.

शिक्षा. खालच्या काही माणसांना झाली. मोंगाला भागातल्या कोद्रों नावाच्या एजंटवर खटला चालून १९०४ साली तो दोषी ठरला, पण अपिलात शिक्षा कमी झाली. वरिष्ठांनीच हे प्रकार चालू दिले होते, हे न्यायालयाने त्याच्या बाजूने धरलं. मग वरिष्ठांचं काय? त्यांच्यापर्यंत कुणी गेलं नाही. उलट शेपर्डने कसाई कंपनीविरुद्ध लेख लिहिला म्हणून १९०९ साली लिओपोल्डविलला त्याच्यावरच बदनामीचा खटला उभा राहिला. तो सुटला, एवढंच समाधान.

राजाने १९०८ च्या नोव्हेंबरात कांगो बेल्जियमच्या हवाली केला. त्याआधी ऑगस्टमध्ये कांगो राज्याची कागदपत्रं सलग आठ दिवस जाळली जात होती. हस्तांतराच्या करारात राजाला ‘त्यागाबद्दल कृतज्ञता’ म्हणून पाच कोटी फ्रँक द्यायचं ठरलं, आणि ती रक्कम बेल्जियमच्या करदात्यांकडून नव्हे, कांगोतून वसूल व्हायची होती. पुढच्या वर्षी डिसेंबरात तो वारला.

वेठही तिथे संपली नाही. बेल्जियमच्या राज्यात डोईपट्टी आली, ती रोखीत भरावी लागे, आणि रोख मिळवायचा मार्ग कटांगाच्या तांब्याच्या खाणींकडे किंवा पामतेलाच्या मळ्यांकडे जात होता. १९१७ पासून सक्तीची कापसाची लागवड आली.

लिओपोल्ड हा विकृत राजा होता म्हणून हे घडलं, असं म्हणून सुटका करून घेणारे पुष्कळ आहेत. मला ते मान्य नाही. नदीपलीकडच्या फ्रेंच कांगोत कंपन्यांना तसेच पट्टे तोडून दिले, आणि तिथेही ओलीस, चाबूक, ओसाड गावं हेच घडलं. १९०५ साली त्याची चौकशी करून परतताना ब्राझा हा फ्रेंच शोधक वाटेतच डाकारला वारला. त्याच्या समितीचा अहवाल फ्रेंच सरकारने दाबून ठेवला. १९१० साली केसमेंटला दक्षिण अमेरिकेत पुतुमायो नदीकाठी पाठवलं गेलं. तिथे लंडनमध्ये नोंदलेली, आराना या पेरूच्या व्यापाऱ्याची कंपनी विटोटो आणि इतर जमातींकडून रबर काढून घेत होती. राजा नव्हता, आफ्रिका नव्हती, पद्धत तीच होती. जंगलातलं रबर, मजुरी शून्य, हाती बंदूक आणि दूरच्या शहरातले भागधारक एवढ्या गोष्टी जमल्या की तेच होत गेलं.

तुमच्या प्रश्नाचा शेवटचा धागा आजपर्यंत येतो. ३० जून २०२० रोजी, कांगोच्या स्वातंत्र्याला ६० वर्षं झाली तेव्हा, बेल्जियमचे राजे फिलिप यांनी पत्र लिहून त्या काळच्या जखमांबद्दल अत्यंत खेद व्यक्त केला. माफी मागितली नाही. त्याच वर्षी बेल्जियमच्या संसदेने वसाहतकाळाचा हिशेब तपासायला समिती नेमली. अडीच वर्षं तिने साक्षी घेतल्या, तज्ज्ञांना ऐकलं. डिसेंबर २०२२ मध्ये माफीच्या मुद्द्यावर पक्षांचं एकमत न होता ती गुंडाळली गेली. माफी मागितली तर पुढे भरपाई मागितली जाईल, ही काही पक्षांची भीती होती.